एकवीस वर्षांनी पाचवी

छबूबाईनं दुपारीच लेकीच्या खोलीची आतली कडी स्क्रू काढून उचकटून ठेवली. मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोरीला एकटी सोडू नका. संस्कृती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दीड महिना झाला, तिचं हे असंच चाललेलं. काल ताट पुढं केलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी नसते तर तुमी सुखात असता." तेव्हापासून छबूबाईच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

संस्कृती तीन महिन्यांची असताना नगरच्या संस्थेतून तिला दत्तक आणलेली. शाळेत असताना चुलतभावानं भांडणात ते तिच्या तोंडावर फेकलं. तिनं घरी येऊन विचारलं, तर छबूबाई म्हणाली, "तू माझीच हाय. पुन्हा इचारायचं न्हाई." विषय मिटला, असं छबूबाईला वाटलं. कसला मिटतोय!

परवा नगरला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिच्या जन्माच्या वेळी काही त्रास झाला होता का?" छबूबाईनं बेधडक सांगून टाकलं, "न्हाई ओ, बाळंतपन सुखरूप झालं माझं." शेजारी बसलेल्या लेकीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. त्यानंतर किती विचारलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. बोलल्याशिवाय उपचार पुढं जायचा नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी उद्या पुन्हा बोलावलं होतं.

शेजारची मालनबाई म्हणाली, "जन्मल्यावर हिची पाचवी कुनी पुजली नसंल. सटवाईनं कपाळावर लिवलंच न्हाई, तर पोरगी जगंल कशाच्या जोरावर?" छबूबाईला ते पटलं. त्या घडीला तिला काहीही पटलं असतं. दिवेलागणीला तिनं पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, सटवाईला लिहायला कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"हे काय?" संस्कृती दारात उभी होती.

"तुजी पाचवी."

"आत्ता? एकवीस वर्षांनी?" ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं. "माझ्या पाचव्या दिवशी मी कुठं हुते, आई? कुनी उचलून तरी घेतलं असंल का मला?"

नेहमीचं उत्तर छबूबाईच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"ठाव न्हाई गं. मला कायबी ठाव न्हाई."

संस्कृती पाट्यापाशी येऊन बसली. इतक्या वर्षांत आईनं दिलेलं हे पहिलं खरं उत्तर होतं.

छबूबाईनं सटवाईचा कागद पुढ्यात ओढला. ठाऊक होतं तेवढं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं. मंगळवारी आणली. पिवळं झबलं. शेवगावपर्यंत एसटीत रडली. माझं बोट धरून झोपली. वरचा अर्धा कागद तिनं तसाच कोरा सोडला.

"वर?" संस्कृतीनं विचारलं.

"त्ये मी न्हाई पाह्यलं. खोटं न्हाई लिवनार."

संस्कृतीनं पेन घेतलं. बऱ्याच वेळानं खाली एक ओळ उमटली: आई, मला मरावंसं वाटतं आणि त्याची खूप भीती वाटते.

 छबूबाईनं लेकीला घट्ट कवटाळलं. मग उद्याची वाट न बघता एका हातानं मोबाईल ओढून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बाई, मी परवा खोटं बोलले. बाळंतपन माझं झालंच न्हाई. ही माझ्या पोटची न्हाई." तिचा आवाज फाटला. "पर ही गेली तर मी न्हाई जगायची. आत्ताच घिऊन येऊ का?"

कुशीतल्या संस्कृतीनं तिचं बोट धरलं.