कुड्याच्या सालीचं कडं

मित्रांनो, मी एक जुनी बशी आहे. चहा ओतू पाहणाऱ्यांनी हात मागे घ्यावा. माझ्यात जंतू वाढवत असत. काचेची, पसरट, झाकणाची अशी मी १९६४ साली पेंढ्यात बसून पालघरच्या एका शाळेत आले. प्रयोगशाळेत माणसं दोनच: विज्ञानाचे कमलाकांत सर आणि शिपाई बन्सी. सरांना घाई फार, बन्सीला जीभ फार.

आठवडी बाजारात नवसी नावाची वारली बाई कुड्याच्या झाडाच्या सालीचं औषध विकायची. चिघळलेली जखम त्याने सुकते, असा तिचा लौकिक. त्यावरच तिचं घर चाले. सरांनी तिला शाळेत बोलावून विचारलं, साल कशात भिजवतेस? ती जरा घुटमळली नि म्हणाली, पाण्यात.

सरांनी साल पाण्यात उकळली. माझ्यात समुद्री शेवाळाची घट्ट खीर ओतून तिच्यावर गळवातले जंतू पसरले आणि काढ्यात भिजवलेली कागदाची टिकली मधोमध ठेवली. औषध लागू पडलं तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं उमटतं. सकाळी पाहतात तो टिकलीपर्यंत जंतूंची साय! बन्सीने बातमी बाजारात पोचवली. लोकांना तेवढंच हवं असतं. काल नवसीला जखम दाखवणारे आज मान फिरवून जाऊ लागले.

शेवटी तीच प्रयोगशाळेत आली.

"मास्तर, औषध खोटं नाय. मीच खोटं बोलले. पानी नाय, मोहाची दारू. आमी त्यातच भिजवतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दारूबंदी हाय ना. आन तुझ्या टेबलाशी हवालदार बसला व्हता, चा पीत."

"म्हणजे जंतूंनापण दारूबंदी लागू झाली होती," बन्सी म्हणाला. हसला तो एकटाच.

सरांनी कपाटातलं परवान्याचं स्पिरिट काढून साल त्यात भिजवली. अर्कात आयोडीनचं पाणी सोडताच तांबूस गाळ बसला. म्हणजे सालीतलं कडू द्रव्य स्पिरिटमध्ये उतरलं होतं! मला धुऊन माझ्यात पुन्हा खीर नि जंतू भरलेच होते; सर अर्काची टिकली घेऊन माझ्याकडे धावले आणि थबकले. जंतू नुसत्या स्पिरिटनेच मेले, असं कुणी म्हटलं तर? म्हणून माझ्या जुळ्या बहिणीत तीच खीर नि तेच जंतू घालून त्यांनी नुसत्या स्पिरिटची टिकली ठेवली. दोन्ही टिकल्या आधी नीट वाळवल्या.

दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत नवसी पायरीवर हजर. सरांनी आधी बहीण उजेडात धरली. सगळीकडे साय. मग मला. आणि मित्रांनो, माझ्यात टिकलीभोवती कडं उमटलं होतं, आरपार स्वच्छ!

नवसीने वाकून पाहिलं. "ही मोकळी जागा कुनाची?"

"तुझ्या औषधाची," सर म्हणाले.

मग माझ्या झाकणाला चिकटपट्टी लावून त्यांनी मला बन्सीच्या हाती दिलं आणि बाजारात पिटाळलं. जिथे जिथे तो आधी बोलला होता, तिथे तिथे त्याला मला दाखवावं लागलं. त्या दिवशी नवसीची पाटी दुपारच्या आत रिकामी झाली.

आता माझ्यात टाचण्या ठेवतात. बहीण पलीकडच्या खोलीत विडीची राख झेलते. मला घासूनपुसून काचेच्या कपाटात मांडायचं कुणाच्या मनात आलंच, तर मित्रांनो, आधी तिला शोधून आणा. कडं माझ्यात उमटलं खरं. पण तिच्यात काही उमटलं नाही, म्हणूनच ते औषधाचं ठरलं.