कडव्यातलं नाव

आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज पहिल्यांदा मी माझं बोलतोय. मी माइक. सुवार्ताचा माइक.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं दुकान आणि काचेला नाक लावून उभी असलेली विशीतली सुवार्ता. तिचे वडील शांतवन त्याच आठवड्यात फाउंड्रीतून निवृत्त झाले होते. ओतीव काम पारखावं तसं त्यांनी मला हातावर तोललं आणि म्हणाले, "घे. तुझ्या आवाजाला शोभंल."

मग माझे दिवस मजेत सुरू झाले. रविवारी सकाळी चर्चचं गायनमंडळ, एरवी लग्नं, वाढदिवस, जत्रा. माणसं गमतीची असतात. जो येतो तो माझ्या डोक्यावर टिचकी मारतो, फुंकर घालतो आणि विचारतो, "येतंय का?" येतच असतं! आणि जो "दोनच शब्द बोलतो" म्हणतो, त्याच्या हातात मी तासभर अडकतो.

सुवार्ताच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा आकाराम. सात वर्षं दोघांची जोडी. ती चाल गुणगुणायची, तो बोटांनी ती पकडायचा. सराव आकारामच्या घरी. त्याची आई बायडाबाई मधेच भाकरी आणि खर्डा घेऊन यायची आणि "आधी खावा, मग बोंबला" म्हणायची.

सुवार्ताची आई वारली, त्या वर्षी तिनं एक गाणं केलं. शब्द तिचे, चाल तिची. स्टेजवर ते कधी म्हटलं नाही. आकारामला मात्र ते पाठ होतं.

एका लग्नात आमचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी डीजेवाल्यानं तेच गाणं लावलं. आवाज दुसऱ्याच बाईचा. मोबाइलवर पाहिलं तर खाली लिहिलेलं, गीत-संगीत आकाराम. दहा लाख लोकांनी ते बघितलं होतं. सुवार्तानं मला खाली ठेवलं आणि स्टेजच्या मागं गेली.

तिनं आकारामला फोन केला. तो म्हणाला, "चाली काय कुणाच्या बापाच्या असत्यात व्हय?" आणि फोन ठेवला.

त्यावर तिनं नवं गाणं लिहिलं, दगाबाजीचं. तीन कडव्यांत झालं ते सगळं होतं. चौथ्यात त्याचं नाव होतं. आकाराम, तुझ्या दारी दिवा लागू नये, अशी ओळ होती.

शांतवननी ते घरी ऐकलं. ते म्हणाले, "चाल झकास हाय. तीन कडवी बी खरी हायत. चौथं काढ."

"म्हंजे आपण राग गायचाच न्हाय?"

"गायचा की! आपल्या पवित्र शास्त्रात, स्तोत्रांमधी, माणसं देवापुढं वरडून वरडून शत्रूचं वाईट मागत्यात. पण देवापुढं. न्याय त्याच्यावर सोपवत्यात आणि घरी जात्यात. तू गर्दीपुढं मागणार हायस. गर्दी वाट बघत न्हाय पोरी, लगेच करायला घेती."

सुवार्तानं ऐकलं नाही. कुरुंदवाडच्या कार्यक्रमात तिनं चारही कडवी म्हटली. शिट्ट्या, टाळ्या, "वन्स मोअर." चौथं कडवं तिला चार वेळा म्हणावं लागलं. खोटं कशाला बोलू, मलाही चेव आला होता. आठ दिवसांत ते गाणं प्रत्येकाच्या मोबाइलवर गेलं.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही सुवार्ताच्या घरी सराव करत होतो आणि दारात बायडाबाई उभी राहिली. सुवार्तानं माझं बटण बंद केलं.

"पाणी देऊ, काकी?"

"नको. सांगून जातो. सांजच्याला दिवा लावाय मी बसतो. गल्लीतली पोरं दारात हुभं राहून तुझं गाणं म्हणत्यात. आता मी दार लावून घेऊन दिवा लावतो." ती रडली नाही. पदरानं फक्त घाम टिपला. "त्यानं चोरी केली, मला ठावं हाय. त्याला काय बोलायचं ते बोल. पर त्या घरात मी बी ऱ्हातो की गं."

ती गेल्यावर सराव पुढे झालाच नाही.

त्या रविवारी उपासनेत सगळ्यांनी मिळून नेहमीची प्रार्थना म्हटली. आमचे अपराध माफ कर, आम्हीही माफ केलंय, अशा अर्थाची त्यात एक ओळ आहे. त्या ओळीला सुवार्ता गप्प राहिली. मी तिच्या ओठांपाशी होतो, म्हणून मला कळलं.

पुढचा कार्यक्रम कोल्हापुरातच होता, गच्च भरलेल्या मैदानात. तीन कडवी झाली आणि लोक ओरडायला लागले, "नाव घ्या, नाव घ्या!" सुवार्तानं वाद्यं थांबवली.

"नाव घेणार न्हाय," ती म्हणाली. "गाणं चोरलं हे खरंच हाय. त्यासाठी मी रीतसर तक्रार केलीया आणि ती मागं घेणार न्हाय. पण कुणाच्या घरचा दिवा विझावा असं मी म्हटलं, ते माझं चुकलं."

मग तिनं नवं चौथं कडवं म्हटलं. देवा, न्याय तुझ्या हाती दिला, आता माझे हात मोकळे कर, असं काहीसं. कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "पैसे परत" म्हणून ओरडलं. पुढचे दोन कार्यक्रम आयोजकांनी रद्द केले. घरी येताना मात्र ती गाडीवर गुणगुणत होती. रविवारी प्रार्थनेतल्या त्या ओळीला तिचा आवाज आला. जरा घोगरा होता, पण आला.

महिन्याभरानं चोरलेल्या गाण्याच्या व्हिडिओखाली नाव बदललं. गीत-संगीत सुवार्ता. मग आकाराम स्वतः आला, हेल्मेट हातात धरून.

"चुकलं माझं."

"मी माफ केलंय, तू यायच्या आधीच," सुवार्ता म्हणाली. "पण परत एकत्र काम नको."

त्यानं मान हलवली. "व्हय. बरोबर हाय."

शांतवननी चहा केला. तिघांनी तो प्यायला. काकीचे गुडघे कसे आहेत, एवढंच सुवार्तानं विचारलं.

आता स्टेजसाठी तिनं बिनवायरीचा माइक घेतलाय. मी चर्चमध्ये स्टँडवर असतो. पाळकसाहेबांचे उपदेश, लहान पोरांची गाणी, वधूवरांची वचनं, सगळं माझ्याजवळून जातं. मी सुखात आहे.

तुम्हीही कधी माझ्यापुढं याल. दुखावलेले, चिडलेले असलात तरी या. ओरडा, रडा, खरं काय ते सांगा. मी ते दूरवर पोचवीन, माझं कामच ते. पण कुणाचं नाव घ्यायच्या आधी एक श्वास थांबा. त्या नावाच्या घरात आणखी कोण कोण राहतं, ते मला दिसत नाही. तुम्हाला दिसतं.