बारावी खुंटी

सिस्टरांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारावी असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दूधवाला सिस्टर म्हणायचा, इस्त्रीवाला सिस्टर म्हणायचा, शेजारची तीन वर्षांची पोरगीही बोबडं बोलत तेच म्हणायची. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेली ही बाई अजूनही दार कोपराने ढकलून उघडायची आणि घरातली प्रत्येक वस्तू मोजायची. चमचे मोजायची, दोरीवरचे चिमटे मोजायची, मोजे तर जोडीजोडीने मोजायची. मुलाने या सवयीची थट्टा करून करून पार चोथा केला होता. "आई, मी एकच आहे ना गं? नीट मोज बरं," असं म्हणून तो रोज कामावर निघायचा. सिस्टर हसायच्या. त्या का मोजतात हे कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांपूर्वी गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्या मुलाकडे राहायला आल्या. घर चांगलं, सून चांगली, तक्रारीला कुठे जागा म्हणून नव्हती, आणि खरी अडचण तीच होती. चांगल्या घरात माणसाला पाहुण्यासारखं राहावं लागतं. सकाळचा चहा आयता, जेवण आयतं, वर "आई, तुम्ही बसा हो" हे पालुपद. डॉक्टरने हात पुढे करायच्या आत ज्यांनी त्या हातात चिमटा ठेवला, त्यांच्याकडे आता कुणी साधी कात्रीसुद्धा मागत नव्हतं.

म्हणून त्या रविवारी सकाळी सून दारात येऊन "आई, जरा मदत कराल का?" म्हणाली, तेव्हा सिस्टर गुडघे विसरून ताडकन उठल्या.

सून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, आणि ती सगळी कॉम्प्युटरवर. बुधवारी तिचा जुना कॉम्प्युटर एकदाचा बंद पडला तो पडलाच. पुस्तक सोमवारी सकाळी छपाईला जायचं होतं आणि अकरा पानं बाकी होती. दुकानातला तयार कॉम्प्युटर तिच्या कामाला पुरेना, तेव्हा तिने सुटे भाग मागवले आणि घरीच जोडायचं ठरवलं. त्यातला मदरबोर्ड हा मुख्य. बाकी सगळं त्याच्यावर बसतं. "तेवढा सांभाळायचा आई," ती म्हणाली. "दुकानात हा एकच उरला होता. तो जळला तर दुसरा यायला पंधरा दिवस लागतील. मग पुस्तक दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल."

सिस्टरांनी जेवणाचं टेबल पुसलं, त्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि स्वयंपाकघरातून तीन स्टीलच्या ताटल्या आणून एका रांगेत मांडल्या.

"आई, ऑपरेशन नाहीये हे."

"झाकण उघडणार आहेस ना? मग ऑपरेशनच."

सून हसली. बोर्डाला हात लावण्याआधी तिने कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या पत्र्याच्या पेटीच्या, कडेला बोट टेकवलं. हे कशाला, म्हणून सिस्टरांनी विचारलं. अंगातली वीज आधी पत्र्यात सोडायची, नाहीतर नुसत्या स्पर्शाने एखादा भाग मरू शकतो, असं सून म्हणाली.

"म्हणजे हात धुण्यासारखंच की!" सिस्टर म्हणाल्या, आणि कॉम्प्युटर या प्रकाराविषयी त्यांच्या मनात पहिल्यांदाच आदर उत्पन्न झाला.

मग त्यांनी स्क्रूच्या पुड्या ताटल्यांत ओतल्या. एका ताटलीत वीस स्क्रू. दुसरीत पितळेच्या बारक्या खुंट्या, करंगळीच्या नखाएवढ्या. बोर्ड पत्र्याला टेकता कामा नये, म्हणून आधी या खुंट्या पत्र्यात बसवायच्या आणि बोर्ड त्यांच्यावर उभा करायचा, असं सुनेने समजावलं. सिस्टरांनी खुंट्या दोनदा मोजल्या. बारा. जुन्या वहीच्या कागदावर त्यांनी लिहून ठेवलं : स्क्रू वीस, खुंट्या बारा.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. सुनेने चार-पाच खुंट्या बसवल्या, बोर्ड धरून अंदाज घेतला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं, की पेटीच्या मागच्या खिडकीत जी पत्र्याची पट्टी आधी बसवायची असते ती खोक्यातच राहिली आहे. झालं, बोर्ड पुन्हा बाहेर. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुस्तकाच्या संपादकबाई होत्या. सिस्टर चहा टाकायला आत गेल्या आणि सून कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन दाबून "हो, हो, उद्या सकाळी नक्की" म्हणत एकीकडे खुंट्या फिरवत राहिली. चहा घेऊन सिस्टर बाहेर आल्या तोवर पट्टी जागेवर होती, बोर्ड जागेवर होता, आणि सून शेवटचे स्क्रू आवळत होती.

पुढे तासभर वायरी जोडण्यात गेला. प्रोसेसरवर पंखा चढवताना दोघींचेही श्वास रोखलेले. शेवटी सुनेने पाठ सरळ केली, बोटं मोडली आणि म्हणाली, "झालं. आता बटण."

"थांब," सिस्टर म्हणाल्या. "मोजू दे."

बोर्डावर स्क्रू नऊ, ताटलीत अकरा. वीस झाले, ठीक. बोर्डाला भोकं नऊ, म्हणजे खाली खुंट्या नऊ. ताटलीत तीन उरायला हव्या होत्या. दोनच होत्या.

"एक कमी आहे."

"पडली असेल खाली," सून म्हणाली आणि टेबलाखाली शिरली. सिस्टरांचे गुडघे रजेवर असल्यामुळे त्यांनी वरून सूत्रं हलवली. चादर झटकून पाहिली, रिकामी खोकी उलटी केली, केराची टोपली कागदावर ओतली. सुनेला पेन्सिलीचा तुकडा सापडला, महिन्यापूर्वी हरवलेली कानातल्याची फिरकी सापडली, खुंटी काही सापडली नाही. सिस्टरांनी बोर्डाच्या कडेने टॉर्च मारून पाहिला. खाली नुसता अंधार.

"थिएटरमध्ये अशा वेळी एक्स-रे काढायचे," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे हो आई. एक-दोन जास्तीच्या देतातच ते."

"जास्तीच्या धरूनच बारा होत्या गं. एक कमी आहे."

सुनेने घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजत आले होते. बोर्ड काढायचा म्हणजे पुन्हा सगळ्या वायरी सोडायच्या, नऊ स्क्रू सोडायचे, त्या जड पंख्यासकट सगळं उचलायचं. एकदा काढून घातलाच होता, आणि दर खेपेला काहीतरी वाकायची भीती. अकरा पानं तिच्या डोळ्यांसमोर नाचत होती. ती चिडली नव्हती, आवाजही चढला नव्हता. अगदी मायेनेच ती म्हणाली, "आई, तुम्ही मोजण्यात चुकला असाल."

सिस्टरांनी हातातला टॉर्च विझवला.

हे वाक्य त्यांनी पूर्वी ऐकलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, शब्दाला शब्द हेच. थिएटरचा नियम असा होता, की पोट शिवण्याआधी मोठ्या डॉक्टरांनी विचारायचं, "सिस्टर, मोजणी?" आणि सिस्टर "पूर्ण" म्हणेपर्यंत सुईला हात लावायचा नाही. त्या दिवशी डॉक्टर घाईत होते, बाहेर दुसरा रोगी वाट पाहत होता, आणि त्यांनी विचारलंच नाही. सिस्टरांनी आपणहून सांगितलं, एक गॉझ, रक्त टिपायच्या कापडाची एक घडी, कमी आहे. डॉक्टरांनी मान वर केली नाही. सिस्टरांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मोजण्यात चुकला असाल," आणि त्यांनी सुई मागितली. सिस्टरांनी ती दिली. तिसऱ्यांदा त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. वहीत "मोजणी पूर्ण" लिहून खाली सही केली. विसाव्या दिवशी ती बाई तापाने फणफणून परत आली, पोट पुन्हा उघडावं लागलं आणि आत गॉझ सापडला. बाई वाचली. घरी जाताना सिस्टरांचा हात धरून म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून वाचले हो." त्या हाताची सिस्टरांना आजही लाज वाटायची.

सुनेचं बोट बटणाकडे गेलं. सिस्टरांनी आपला तळवा बटणावर ठेवला.

"एक कमी आहे," त्या म्हणाल्या. तिसऱ्यांदा.

सून चकित होऊन बघत राहिली. सासूबाईंचा आवाज शांत होता, आणि त्यांचा हात तिथून हलेल अशी काही लक्षणं दिसत नव्हती. चार महिन्यांत या बाईने मीठ कमी आहे असंसुद्धा म्हटलं नव्हतं. सुनेने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि वायरी सोडायला घेतल्या.

तो अर्धा तास सिस्टरांच्या जिवाला लागला. समजा, खाली काहीच निघालं नाही तर? वय झालंय, नजर कमी झालीय, खरंच अकरा असतील तर? पोरीचा अर्धा दिवस फुकट घालवल्याचा ठपका, आणि वर पुन्हा "आई, तुम्ही बसा हो". खाली खुंटी निघावी, सुनेची चूक निघावी, अशी त्या मनोमन प्रार्थना करत होत्या आणि अशी प्रार्थना केल्याबद्दल स्वतःवरच चरफडत होत्या. निघालेला प्रत्येक स्क्रू ताटलीत पडला की त्या मोठ्याने मोजत होत्या. सात. आठ. नऊ.

सुनेने बोर्ड दोन्ही हातांनी अलगद वर उचलला.

खाली खुंट्या दहा होत्या. नऊ जागच्या जागी, आणि दहावी मधोमध, खालच्या बाजूला, जिच्यावर बोर्डाला भोकच नव्हतं. चांगली घट्ट आवळून बसवलेली होती.

सून बोर्ड हातात धरून तशीच उभी राहिली. "फोनवर होते मी," ती हळूच म्हणाली. "पहिल्या अंदाजाला तिथे लावली असणार. मग दुसऱ्या भोकात लावली आणि ही काढायची राहिली." तिने बोर्ड उलटा करून दाखवला. मागच्या अंगाला बारीक बारीक चकचकीत टोकं होती, शेकड्याने. "ही टोकं खुंटीला टेकली असती आणि खुंटी पत्र्याला. कदाचित काही झालंही नसतं. कदाचित सगळंच जळलं असतं."

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही, पण डोळे का भरून आले ते त्यांना कळेना. सुनेने बोर्ड चादरीवर ठेवला, पाणी आणून दिलं आणि समोर बसली. अकरा पानं वाट बघत असूनही बसली.

"आई, इतकी खात्री कशी होती तुम्हाला?"

"खात्री कुठली? घाबरले होते की मी."

मग त्यांनी सांगितलं. मुलालाही माहीत नसलेलं, सव्वीस वर्षं कुणापाशी न बोललेलं, पाच-सात वाक्यांत आटपेल एवढंच ते होतं. सुनेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तुमची काय चूक त्यात, असलंही काही ती बोलली नाही, आणि त्याबद्दल सिस्टरांना फार बरं वाटलं.

"त्या बाईंना कधी सांगितलंत?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"आणि डॉक्टर?"

"त्यांनी पुढे कधी विषय काढला नाही. मीही नाही काढला."

चहाच्या कपांवर साय धरली होती. मग सून उठली, पत्र्याला बोट टेकवलं, आणि दहावी खुंटी फिरवून काढली. ती सिस्टरांच्या हातावर ठेवली. सिस्टरांनी ती ताटलीत टाकली.

या वेळी बोर्ड बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. सून हात पुढे करायची आणि स्क्रू हातात असायचा. वायरी जोडल्या. बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही आणि दोघींनीही एकमेकींचं मनगट धरलं. मग पंखा फिरला, पडदा उजळला, आणि सुनेने शेजारचे बाहेर येऊन बघतील एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली.

आता फक्त बाजूचं झाकण लावायचं राहिलं होतं. यंत्र चालत होतं, अकरा पानं खोळंबली होती, घड्याळ दोनकडे सरकत होतं. सुनेने यंत्र बंद केलं, झाकण उचललं, खाचेपाशी आणलं, आणि ते तसंच हातात धरून ती थांबली.

"सिस्टर," ती म्हणाली, "मोजणी?"

सिस्टर ताटल्यांपाशी गेल्या. त्यांनी मुळीच घाई केली नाही. खुंट्या तीन. स्क्रू अकरा. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, बोट लावून, मोठ्याने. सून झाकण धरून उभी होती. तिचे हात भरून आले असतील, पण ती हलली नाही.

"पूर्ण," सिस्टर म्हणाल्या.

मग सुनेने झाकण लावलं.