डॉक्टरचा ठसा

माझी थोरली बहीण सालेहा सत्त्याऐंशी साली नर्स झाली आणि आमच्या अब्बांनी दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टर करून टाकलं. आमच्या निजामपुरा मोहल्ल्यात भेटेल त्याला ते "आमची डॉक्टर" म्हणून सांगायचे. आपा चिडायची.

"अब्बा, मी नर्स आहे. परीक्षा दिलीय त्याची. नर्सच म्हणा."

"अगो, नर्स म्हटलं की लोक विचारतात, पोरगी पेशंटची शी-शूची भांडी उचलते काय?"

"उचलते!"

अब्बांनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. अब्बा म्हणजे लूमचे, यंत्रमागांचे मालक फखरुद्दीन शेठ, त्यांना कोण समजावणार?

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. कापडाच्या ताग्यावर मालकाचा ठसा मारायची आमच्या धंद्यात रीत. अब्बांनी गुपचूप नवा ठसा करवून घेतला, 'डॉ. सालेहा'. ईदला खुशीत येऊन प्रत्येक कामगाराला लेंग्याचं कापड वाटलं आणि हौसेनं प्रत्येक तुकड्यावर स्वतः ठसा मारला. शाई धुतली तरी न जाणारी. ठसा पुढे कसा दिसेल, म्हणून शिंप्यानं तो मागे घेतला. झालं! आमच्या कामगारांची वस्ती, सगळं कामतघर, बसायच्या जागेवर माझ्या बहिणीचं नाव घेऊन हिंडू लागलं.

मग आमच्या लूमवरचा जान्या बायकोला बाळंतपणासाठी आपाच्याच प्रसूतिगृहात घेऊन आला. गाठोडं ठेवायला तो वाकला आणि मेट्रन जानकीबाईंनी मागून वाचलं.

"ही डॉक्टर कोण?"

"ही काय, आपली सालेहाबाय. शेठ म्हनतान, डाक्टर हाय."

जानकीबाई भडकल्या. नर्सनं डॉक्टर म्हणवून घेणं म्हणजे लोकांची फसवणूक! शुक्रवारनंतर असा एक जरी लेंगा दिसला, तर सालेहाची ड्युटी बंद.

आपा घरी येऊन रडली. "अब्बा, तुम्हाला नर्स मुलगी नको, म्हणून मी काहीच होऊ नको?"

अब्बांचा चेहरा एवढासा झाला. मला त्यांची दया आली, पण रागही तेवढाच होता.

सकाळी ते रातोरात करवलेला 'नर्स'चा ठसा घेऊन निघाले. शाईचा डबा माझ्याकडे. "थांब रे! वळ! वाक!" शेठ पिसाळले समजून कामगार बोळाबोळांतून पळत सुटले. अब्बा धापा टाकत एकेकाला गाठायचे, 'डॉ.' काळा करायचे आणि वर 'नर्स' उठवायचे. कुणी हसलं की कान लाल व्हायचे त्यांचे.

शुक्रवारी उरला एकटा जान्या. तो प्रसूतिगृहाच्या दारातच सापडला. मुकाट्यानं वाकला आणि वाकल्यावाकल्या विचारता झाला, "शेठ, मंग आता ती डाक्टर न्हाय का?"

रस्त्यावरचे लोक थांबले. अब्बांनी ठसा हाणला आणि सगळ्या निजामपुऱ्याला ऐकू जाईल असे ओरडले, "न्हाय! नर्स हाय! माझी पोरगी हाय! पेशंटची भांडी उचलते!"

वर गॅलरीत आपा उभी होती. तिनंही कानांवर हात दाबले असते, पण दोन्ही हातांत भांडी होती.