मास्तरांनी पंप बदलला

मास्तर गणिताचे. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी गल्ली त्यांना मास्तरच म्हणते, आणि मास्तर कधी चुकत नाहीत अशी तिथे एक समजूत आहे. ही समजूत पसरवली कुणी, तर त्यांनी स्वतःच. फळ्यावर उत्तर चुकलं की वळून म्हणायचे, "बघत होतो, कुणाचं लक्ष आहे!" असा माणूस शनिवारी सकाळी आठ वाजता घरासमोर एसयूव्हीखाली उताणा पडलेला दिसला, म्हणजे काहीतरी चांगलंच बिनसलं होतं.

काय बिनसलं होतं ते सांगतो. त्यांच्या बायकोची दुपारी चार वाजता ड्रायव्हिंगची परीक्षा होती. तिसरी. ती शिवणकाम करते. लोकांच्या घरचे पडदे, सोफ्याच्या खोळी. कापडाचे गठ्ठे घेऊन कुठे जायचं झालं की दर वेळी "अहो, सोडता का?" म्हणावं लागायचं, आणि त्याचा तिला मनापासून वीट आला होता. गाडी शिकवली मास्तरांनीच. सपाट रस्त्यावर बाई झकास चालवायची. पण परीक्षेच्या मैदानात एक चढ आहे. दोन्ही वेळा गाडीने त्या चढावर आचके दिले आणि मान टाकली. दोन्ही वेळा नापास. आणि दोन्ही वेळा मास्तर म्हणाले, "क्लच लवकर सोडतेस तू! किती वेळा सांगायचं?"

सरावातही तेच. वर्षभर क्लच, क्लच आणि क्लच. शेवटी शेवटी नुसता चढ दिसला तरी तिचे हात थरथरायला लागले. "मला नाहीच जमायचं," ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, आणि मास्तरांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. या वेळी नापास झाले तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं.

मग गुरुवार उजाडला. मास्तर एकटेच गाडी घेऊन निघाले होते आणि पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर गाडीने आचके दिले, तेच, तस्सेच, आणि बंद पडली. क्लचवर पाय होता साक्षात मास्तरांचा! कशीबशी गॅरेजपर्यंत नेली. गॅरेजवाल्याने दाबाचं मीटर लावलं आणि मान हलवली. "पेट्रोलचा पंप थकलाय, मास्तर. सपाटीवर रेटतो कसंतरी. चढावर इंजिन जास्त पेट्रोल मागतं, तिथे याचा दम संपतो. वर्षभर तरी त्रास देत असणार हा."

वर्षभर! मास्तर बोटांवर दोन्ही परीक्षांच्या तारखा मोजायला लागले.

घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की अगं, तुझं काही चुकत नव्हतं, गाडीचं चुकत होतं. गुरुवारी रात्री हे वाक्य घशापर्यंत आलं आणि घासाबरोबर खाली गेलं. शुक्रवारी पुन्हा आलं, पुन्हा गेलं. मग त्यांनी एक शक्कल काढली. पंप गुपचूप बदलायचा, ती पास होईल, आणि त्या आनंदात कधीतरी हळूच सांगून टाकू. गॅरेजवाल्याकडे गाडी द्यायची सोय नव्हती, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी नवा पंप दुकानातून आणला आणि बायकोला म्हणाले, "जुन्या गाडीचा पंप अधूनमधून बदलायचाच असतो. सर्व्हिसिंग गं!"

मदतीला बोलावलं मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला. हा प्लंबर. "भाऊजी, पाणी काय आणि पेट्रोल काय," तो बाह्या सरसावत म्हणाला, "पाइपातून जाणाऱ्या गोष्टीला आपण भीत नाही."

पहिला गोंधळ मास्तरांनी आदल्या संध्याकाळीच घालून ठेवला होता. टाकी भरलेली असली की पंपावर ताण कमी, असं एक प्रमेय त्यांनी स्वतःच मांडलं, स्वतःच सिद्ध केलं आणि टाकी गळ्यापर्यंत भरून आणली. आता मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, पंप टाकीच्या आत असतो, टाकी खाली उतरवा. टाकीत साठ लिटर पेट्रोल! ते हातपंपाने कॅनमध्ये काढता काढता अकरा वाजले. मग टाकीचे पट्टे धरून ठेवणारे बोल्ट हटेनात. मेहुणा पान्याला लोंबकळला, मास्तर मेहुण्याला लोंबकळले. साडेबारा वाजले तरी टाकी आपली जागच्या जागी.

तेवढ्यात शिवणाच्या मशीनवरून उठून ती बाहेर आली. खाली वाकून दोघांच्या पायांकडे बघत म्हणाली, "अहो, टाकी कशाला काढताय? वरून झाकण आहे ना."

गाडीखाली पाना खणकन पडला.

"कुठलं झाकण?" मेहुण्याने विचारलं.

"मागच्या सीटखाली. पत्र्याचं, चार स्क्रूंचं. मी मॅट शिवून बसवली ना, तेव्हा तिथे उंचवटा येत होता. म्हणून वर फोम घातला आणि सगळं चिकटवून टाकलं. घट्ट!" शेवटचा शब्द तिने जरा अभिमानानेच उच्चारला.

मास्तर गाडीखालून बाहेर आले. केसांत गंज, कपाळावर काळा पट्टा. "मला कल्पना होतीच," ते म्हणाले, "पण म्हटलं टाकी खालून पण एकदा बघून घ्यावी."

मेहुणा हसून हसून रस्त्यावर लोळला.

झाकणापर्यंत पोचायचं तर मॅट फाडायला हवी होती. मेहुणा सुरी घेऊन पुढे सरसावला, तशी तिने ती काढून घेतली. "हात लावू नकोस. माझी शिवण आहे, मीच उसवणार." सीट बाहेर काढून ती आत गुडघ्यांवर बसली आणि ब्लेडने एकेक टाका सोडवला. फोम निघाला, आणि खाली चार स्क्रूंचं झाकण चक्क तिथेच होतं. मग तिने हुकूम सोडले. चारी दारं उघडा. बॅटरीची तार काढलीत? वाळूची बादली इथे ठेवा. सिगारेटचं पाकीट दे इकडे. मेहुण्याने निमूटपणे पाकीट दिलं, आणि दुसऱ्या खिशातलंही दिलं.

झाकणाखाली पंपाचं डोकं दिसलं. त्याला एक रुंद कडं आवळून बसलेलं. मेहुण्याने आपला लोखंडी पाना काढला. मास्तर किंचाळले, "ठिणगी उडाली तर आपण तिघंही उडू!" मग तिने शिवण दाबायचा आपला लाकडी ठोकळा आणला. ठोकळा कड्याच्या खाचेला लावून हळूहळू ठोकत ठोकत कडं फिरवलं, नळ्या सोडवल्या, आणि पेट्रोल ठिबकवत पंप वर आला. त्याच्या अंगाला एक लांब दांडी आणि टोकाला तरंगणारा ठोकळा.

"अरे, हे तर आपल्या फ्लशच्या टाकीसारखं!" मेहुण्याला माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. आणि त्या भरात त्याची जीभ सुटली. "ताई, व्हिडिओवाला सांगत होता, हा असा थकलेला पंप असला ना, की गाडी चढावरच बंद पडते बघ. सपाटीला काही कळत नाही."

"चढावर?" तिने विचारलं.

"पाना दे रे!" मास्तर ओरडले.

"कुठला?"

"कुठलाही!"

ती मास्तरांकडे बघत राहिली. आता सांगा की हो, मास्तर! एवढी चालून आलेली संधी! पण मास्तर पान्याचा आकडा वाचण्यात असे गढून गेले, की जणू त्यावर उद्याची प्रश्नपत्रिका छापली होती. जुना पंप तिने फडक्यात गुंडाळला आणि बाजूला ठेवला.

नवा पंप बसवताना खरी कसोटी लागली. त्याच्याखालचं रबराचं कडं खाचेत बसायला हवं, नाहीतर पेट्रोल झिरपणार. मास्तरांनी बसवलं, निसटलं. मेहुण्याने बसवलं, तेही निसटलं. अडीच वाजले. मास्तरांचे हात घामाने निसरडे झाले होते. "सरका," ती म्हणाली. एका बोटाने कडं दाबून धरलं, दुसऱ्या हाताने खाचेत फिरवत नेलं. गादीच्या कडेला गोट लावताना नेते तसं, कुठे ओढाताण नाही, कुठे सुरकुती नाही. एका फेरीत बसलं. त्या हातांकडे बघताना मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे हात थरथरतात म्हणून आपण वर्षभर वैतागलो, हे त्यांना नीट आठवलं.

नळ्या जोडल्या, कॅनमधलं पेट्रोल परत ओतलं, बॅटरी लावली. किल्ली अर्धी फिरवल्यावर सीटखालून बारीक गुणगुण ऐकू आली. पूर्ण फिरवताच इंजिन सुरू झालं. कुठे थेंबभर गळती नाही. सव्वातीन.

चारला ती मैदानात होती. शेजारी परीक्षा घेणारे साहेब, मांडीवर कागद. मास्तर आणि मेहुणा फाटकाशी, तीस-चाळीस जणांच्या रांगेजवळ उभे. गाडी निघाली. वळण घेतलं, मागे घेऊन उभी केली, सगळं ठीक. मग चढाला लागली. अर्ध्यावर पोचली.

आणि थांबली.

मास्तर टाचा उंचावून बघायला लागले. रबराचं कडं! नळी! की पंपच खराब निघाला? गाडी हलेना. आता ती खाली उतरणार, मान खाली घालून घरी येणार, आणि आपण अजूनही तोंडाला कुलूप लावून बसणार? ते पळत सुटले. साठीतला माणूस, कपाळावर काळा पट्टा, एक चप्पल चढाच्या मध्यावर उडाली, तरी पळतायत.

"साहेब! साहेब, तिला नापास करू नका! तिची चूक नाही! पंप मी बसवलाय! मागच्या दोन्ही वेळा पंपच बिघडलेला होता! क्लच तिने कधीच लवकर सोडला नाही! मीच... मला गुरुवारपासून माहीत होतं!"

खिडकीची काच खाली आली.

"अहो," ती म्हणाली, "साहेबांनीच थांबायला सांगितलंय. चढावर थांबून परत सुरू करायची, हीच तर परीक्षा आहे."

मास्तर धापा टाकत खिडकीला धरून उभे राहिले. साहेबांनी कागदावर रेघ मारली. "परीक्षेच्या रस्त्यावर बाहेरचा माणूस आला. फेरी रद्द. बाई, पहिल्यापासून करावी लागेल. आणि यांना कुणीतरी धरून ठेवा."

मेहुण्याने धरून ठेवलं. ती दुसऱ्या फेरीला निघाली. पहिल्या फेरीत स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून खांदे वर काढून बसलेली बाई आता सैल बसली होती. चढावर अर्ध्यात थांबली. मास्तरांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी वर पोचली होती, एक आचका नाही, एक इंच मागे नाही.

पास झाल्याचा कागद घेऊन ती खाली आली. मेहुण्याने शिट्टी मारली. मास्तर पुढे झाले आणि थबकले.

"गुरुवारपासून?" तिने विचारलं.

"हो."

"घरात सांगितलं असतंत, तर पहिल्या फेरीतही माझे हात थरथरले नसते." ती कागदाची घडी घालत म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी कमी आहे. वर्षभर वाटत होतं मला."

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. मैदानभर ओरडून झालं होतं, तरी हे हळू आवाजातलं जास्त जड गेलं. "गुरुवारी तर चुकलंच, पण त्याआधी वर्षभर चुकलं. न बघता तुझ्यावर ढकलत आलो मी."

तिने पदराने डोळे पुसले. मग तिची नजर त्यांच्या पायांकडे गेली.

"दुसरी चप्पल कुठाय?"

"चढावर."

तिने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी हात जोडले, न्या म्हणाले, काय ते एकदाचं घेऊन जा.

"बसा," ती म्हणाली.

मास्तर शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. गाडी चढाला लागली. अर्ध्यावर तिने मुद्दाम थांबवली, त्यांच्याकडे बघितलं, आणि परत सुरू केली. मास्तर वर पोचेपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.