मनकर्णेच्या गुडघ्याचं निदान

"नस चुकली डाक्टराइची," प्रयागबाई म्हणाली. "पाठीची कापता कापता गुडघ्याची कापली असन."

"पाठ कोठं अन् गुडघा कोठं!" बायजाबाई कडाडल्या. "शीत बाधलं माह्या सुनेले. दवाखान्यात गार जागी झोपवलं तिले दीड महिना."

शेजारीण आणि सासू अशा दोघी भांडत होत्या, आणि गुडघा जिचा होता ती मनकर्णा चहाच्या कपबशा घेऊन मधोमध उभी होती. तिला कोणी काही विचारलं नाही. दुखणं तिचं असलं तरी अक्कल गावाची होती.

उमरेडच्या अलीकडचं हे गाव. पावसाळ्यात मनकर्णेच्या मणक्यातली चकती सरकली, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि पाठ नव्यासारखी झाली. डॉक्टरनं एकच बजावलं होतं, सहा महिने कंबरेत वाकायचं नाही. नवऱ्यानं, रुपरावानं, हे घरी येऊन तहसीलदाराच्या हुकमासारखं वाचून दाखवलं आणि घरानं ते मोठ्या मनानं पाळलं. झाडणं सासूनं घेतलं, पाणी जावेनं. मिरची तोडायला बाया लावल्या. मनकर्णेच्या हातून चमचा पडला तरी उचलायला चार जण धावत.

पाहायला येणाऱ्यांची तर रीघच लागली. आलेल्या प्रत्येक वडीलधाऱ्याच्या पाया लागायचं, ही घरची रीत. वाकायचं तर नाही. मग मनकर्णा पाठ काठीसारखी ताठ ठेवून उजवा गुडघा फरशीवर टेकवायची, पावलांना हात लावायची आणि त्याच गुडघ्यावर सारा भार देऊन उठायची.

"पाहा," बायजाबाई कौतुकानं सांगत, "डाक्टरचंही आयकते अन् आपलंही सोडत नाई."

एकेका बाजाराच्या दिवशी पंधरा-सोळा माणसं येत. दोन महिन्यांत गुडघा सुजून पपईसारखा झाला.

मग गुडघा पाहायला माणसं येऊ लागली. जरीपटक्याहून रुपरावाचे मामा, भैयाजी, तेलाची बाटली घेऊन आले. मनकर्णा पाया लागली. "लवकर बरा होईन तुहा गुडघा," त्यांनी डोक्यावर हात ठेवला. सगळे हाच आशीर्वाद देत आणि प्रत्येक आशीर्वादागणिक गुडघा थोडा आणखी सुजे.

शेवटी रुपरावानं तिला नागपूरला, धरमपेठेतल्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोटो काढला, उजेडात धरून उलटासुलटा पाहिला. फोटोत काही नव्हतं. "कारण सापडत नाही," तो म्हणाला. "तेव्हा उघडूनच पाहू. एकोणीस तारखेला या." जशी काही विहिरीवरची मोटारच बंद पडली होती.

पाठ उघडली तेव्हाचा दीड महिना मनकर्णेला आठवला. कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागत होता.

"मले नाई कापाचं," ती रुपरावाला जेवताना म्हणाली.

"अवं, शिकलेला डाक्टर हाय थो."

"त्याले समजलं असतं त कापतो म्हनला असता का?"

रुपरावानं भाकरीचा घास मोठा घेतला. मोठा घास घेतला की उत्तर द्यावं लागत नाही.

एकोणीस तारखेला अकरा दिवस उरले असताना भाऊकीतले चंपतराव वारले. वय झालं होतं, रडणं बेताचंच झालं. घराला दहा दिवसांचं सुतक लागलं, आणि सुतकात कोणी कोणाच्या पाया लागत नाही. माणसं येत, बसत, मनकर्णा लांब उभी राही. चौथ्या दिवशी सूज उतरली. सातव्या दिवशी ती न लंगडता विहिरीवर जाऊन आली. दहाव्या दिवशी तिनं मागच्या दारी कोणी नाही असं पाहून एकदा तसाच गुडघा टेकवला आणि उठली. कळ आली. ओळखीचीच होती.

ओसरीवर भांडण नव्यानं सुरू झालं. प्रयागबाई म्हणे, चंपतरावानं जाता जाता दुखणं सोबत नेलं. बायजाबाई म्हणत, माझ्या शेकानं गेलं. भैयाजींनी तेलाची दुसरी बाटली धाडली. रुपरावाचं मात्र ठरलं होतं. "एकोणीसले सकायच्या एसटीनं जाऊ. सूज दिसली त कापू, नाई दिसली त वापस येऊ."

अकराव्या दिवशी, म्हणजे अठरा तारखेला, सुतक फिटलं आणि संध्याकाळी बरा झालेला गुडघा पाहायला बारा माणसं जमली. भैयाजीही आले. खाटांवर ओळीनं बसून सगळ्यांनी पाय खाली सोडले.

"ये वं," बायजाबाई म्हणाल्या. "लाग साऱ्याइच्या पाया. आता त सुतकही नाई."

मनकर्णेनं ती पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. इतक्यांच्या पाया लागल्यावर सकाळपर्यंत डॉक्टरला हवी तेवढी सूज नक्की आली असती. तिनं उभ्यानंच हात जोडले.

"काहून वं? गुडघा त बरा झाला ना?"

"बरा झाला म्हनून त. आत्याबाई, मी पाया लागते म्हनूनच थो दुखते."

भैयाजींनी पाय वर घेतले. "म्हनजे आमचे पाय वाईट हायेत?"

"नाई मामाजी, पाय चांगले हायेत. फक्त लय हायेत."

कोणीतरी खोकललं. मनकर्णा रुपरावाकडे वळली. "डाक्टरले कारन पाह्यजे होतं ना? हे घ्या कारन. आता मले बारा जनाइच्या पाया लावा नाई त नागपूरले नेऊन कापा. काम एकच हाय."

रुपरावाच्या हाती या वेळी भाकरी नव्हती. त्यानं मामाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे पाहिलं. "उद्या... मिरची तोडाले बाया येनार हायेत," तो पुटपुटला. "नागपूर काई जमत नाई."

पाहुणे चहा न घेताच उठले. बायजाबाईंनी सुनेशी पुरे आठ दिवस अबोला धरला. त्या आठ दिवसांत मनकर्णेचा गुडघा पार बरा झाला आणि कानांनाही बराच आराम पडला.