शाफ्टवरची फळी

होडी खाडीत शिरली तेव्हा मला दिसलं की इंजिनाच्या शाफ्टवर झाकणाची फळी नाही.

"फळी कुठंय रे?" मी नवऱ्याला ओरडून विचारलं.

"घरी!" सुकाणूवरून ओस्वाल्दीनो खिदळला. "काढली म्हणून चार टोपल्या जास्त बसल्या. दोन तासांची तर वाट, उगाच डोकं नको खाऊस."

तेव्हाच होडी मागे फिरवायला लावली नाही, याचा मला आजही स्वतःवर राग येतो. माझ्या आजोबांच्या वेळी ब्राझीलमधलं आमचं पारा राज्य रबरावर जगायचं, आता आम्ही असाईच्या फळांवर जगतो. आज तोडलेलं फळ उद्या आंबतं, म्हणून बेलेमचा बाजार गाठायची ज्याला त्याला घाई.

ओस्वाल्दीनो पुढे होता, मी मधे टोपल्यांच्या ढिगावर. मागे इंजिनापाशी माझी बारा वर्षांची जुसिलेनी तुंब्याने होडीतलं पाणी उपसत होती. तिच्या पायांजवळ इंजिनाचा लोखंडी दांडा, तो शाफ्ट, उघडा गरगरत होता.

मी नऊ वर्षांची असताना अशाच शाफ्टने माझे केस कातडीसकट ओढून नेले. तेव्हापासून डोक्याला फडकं आहे. ते मी नवऱ्यासमोरही कधी सोडलं नव्हतं.

जुसिलेनीचे केस कमरेखाली पोचलेले. बाप असाईच्या झाडावरून पडला तेव्हा ती चर्चमधल्या नाझारेच्या माऊलीला नवस बोलली होती, बाबा वाचले तर केस वाढवून तुला वाहीन. चार वर्षं कात्री लागली नव्हती. या ऑक्टोबरच्या जत्रेत नवस फिटायचा होता.

"अंबाडा आवळ गं!" मी ओरडले.

"काय?" इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू येईना. ती परत वाकली आणि अंबाडा सुटला.

मधल्या टोपल्या मी लाथेने पाण्यात ढकलल्या, धडपडत तिच्यापाशी पोचले, तिचे केस मानेपाशी मुठीत धरले आणि घड तोडायच्या सुरीने कापले. कापलेला झुबका खाली पडला. पापणी लवायच्या आत शाफ्टने तो गिळला.

"आई, ते माऊलीचे होते!" जुसिलेनी किंचाळली. "आता बाबांना काही झालं तर?"

"माऊलीला मी बघून घेते." मी म्हणाले.

तिचे उरलेले केस अजून वाऱ्यावर उडत होते. बांधायला दुसरं काही नव्हतं. मी माझं फडकं सोडलं आणि तिच्या डोक्याला घट्ट आवळलं.

टोपल्या गेल्या म्हणून शिव्या देत ओस्वाल्दीनो वळला. भर उन्हात त्याने माझं डोकं पहिल्यांदा पाहिलं, मग शाफ्टला गुंडाळलेले काळे केस पाहिले. त्याने येऊन इंजिन बंद केलं.

"वल्ही काढ," मी म्हणाले. "फळी आणायला परत जायचंय."

बाजाराचं नावही न काढता त्याने वल्ही काढली. आम्ही घराकडे वल्हवू लागलो. माझ्या पाठीशी बसलेल्या जुसिलेनीने हळूच माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत काढला नाही.